‘काय म्हणायचं’ हा रकाना

जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या आमच्या मराठी मंडळात ‘ॲसिडिटी’ म्हणजे जड जेवल्यावर होणारी आणि गोळी घेतल्यावर जाणारी गोष्ट, अशी सगळ्यांची साधी समजूत होती. ती चंद्रशेखरभावजींनी मोडून काढली. त्यांनी मंडळात वाइनअबेंड, म्हणजे वाइन चाखायची संध्याकाळ, सुरू केला. मसाला दुधात साखर कमी की जास्त एवढ्यावरच ज्यांचं मत असायचं, त्या बायका वर्षभरात ग्लास गोल गोल फिरवून ‘ॲसिडिटी छान आहे’ म्हणायला लागल्या. मीही म्हटलंय. चारदा तरी.

भावजी इथल्या रसायनांच्या कारखान्यात केमिस्ट. उंच, किडकिडीत, रविवारीसुद्धा शर्टाच्या खिशाला पेन. तीस वर्षं नोकरी झाली, निवृत्तीला दोन राहिली. त्यांच्या वाइनच्या ज्ञानाबद्दल मी काय वाटेल ते बोलेन, पण नाकाबद्दल बोलणार नाही. ते नाक खरं होतं. लिफ्टमध्ये शिरून आधी कोण उतरलं ते सांगायचे. आम्ही नवे होतो तेव्हा त्यांना जेवायला बोलावलं, तर माझ्या आमटीचा पहिला घास घेऊन म्हणाले, ‘‘मसाला मागच्या वर्षीचा दिसतोय.’’ होता मागच्या वर्षीचा. पण असं कोणी बोलतं का? मी त्यांच्याशी आठ महिने बोलले नाही. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

ही शिक्षा आम्हाला वर्षातून एकदा मिळायची, साधनाताईंना दोन वेळा रोज. साधनाताई म्हणजे त्यांची बायको. या गावात त्यांच्या हाताला चव आहे तशी कोणाच्याही हाताला नाही, हे मी कबूल करते आणि मी अशा गोष्टी सहज कबूल करत नाही. गणपतीत शंभर माणसांचं पुरण त्या एकट्या घालतात. आणि पानावर बसून हा माणूस म्हणणार, ‘‘जिरं थोडं पुढे गेलंय.’’ कधी कढीपत्ता उशिरा पडलेला, कधी तूप एक मिनिट जास्त कढलेलं. साधनाताई म्हणायच्या, ‘‘अहो, जेवा गप्प.’’ ते जेवायचे, पण गप्प नाही.

मग करोना आला आणि गेला, आणि भावजी एकदम गोड झाले. कोणाच्याही घरी काहीही खाऊन ‘वा’ म्हणायला लागले. माझ्या करपलेल्या साबुदाणा वड्यांनासुद्धा ‘खरपूस’ म्हणाले. माझा नवरा शशिधर म्हणाला, ‘‘वय झालं की माणूस निवळतो.’’ मलाही ते पटलं, कारण वड्यांची स्तुती कोणाला नको असते.

या मे महिन्यात त्यांच्या लग्नाला तीस वर्षं झाली. मुलगी ओवी हॅनोव्हरला इंजिनिअर आहे. तिनं आईबापांना एक गुटशाइन, म्हणजे भेटीचं कूपन, पाठवला: सीमेपलीकडे, फ्रान्सच्या एल्झास भागात, एका द्राक्षमळ्यावर दोन दिवस राहणं, खाणं आणि वाइन चाखणं. दोन माणसांसाठी. सोबत जर्मनमध्ये लिहिलेलं कार्ड, कारण ओवीला मराठी सगळं कळतं पण उत्तर देताना ती जर्मनमध्येच देते. कार्डावर लिहिलं होतं, ‘फक्त तुम्ही दोघं’. ते वाचून तीन दिवसांत भावजींचा आम्हाला फोन.

‘‘आल्झो, तर मग तुम्हीही चला. आम्ही दोघंच जाऊन काय करणार?’’

मी शशिधरला म्हटलं, या माणसाला बायकोसोबत फिरायलासुद्धा श्रोते लागतात. शशिधरला गाडी चालवायला आवडते, त्यामुळे तो हो म्हणाला.

गुरुवारी हिमेलफार्टची, म्हणजे येशूच्या स्वर्गारोहणाची सुट्टी, शुक्रवारी जोडून घेतलेली ब्र्युकेनटागची रजा. गुरुवारी दुपारी मी साधनाताईंकडे दशम्या लाटायला गेले. फ्रान्सला खास खायला निघालो असलो, तरी डबा घेतल्याशिवाय आम्ही घराबाहेर पडत नाही. साधनाताई लसणाची चटणी कुटत होत्या. कुटता कुटता थांबल्या.

‘‘मालविका, यांना वास येत नाही.’’

‘‘कसला?’’

‘‘कसलाच. करोनात गेला तो परत आलाच नाही. साडेतीन वर्षं झाली.’’

‘‘काय सांगता! आणि तुम्ही आत्ता बोलताय?’’

‘‘मला तरी कुठे त्यांनी सांगितलंय?’’

फेब्रुवारीत एकदा भावजींच्या हाताशी शेगडीवर दूध उतू जाऊन जळलं. घरभर धूर. साधनाताई तळघरातून धावत वर आल्या, तर हे टेबलाशी शांतपणे पेपर वाचत बसलेले. तेव्हा संशय आला. मार्चमध्ये रेल्वेचं तिकीट छापायला त्यांनी भावजींचा लॅपटॉप उघडला. समोर एक्सेलची फाइल, नाव ‘वाइन’. द्राक्षाची जात, गाव, साल, आणि शेवटचा रकाना: ‘काय म्हणायचं’. तीनशेच्या वर ओळी. आमच्या वाइनअबेंडला भावजी डोळे मिटून जे बोलायचे, ते सगळं त्या रकान्यात.

‘‘म्हणजे आम्ही इतकी वर्षं...’’ मला हसू फुटलं.

‘‘खाली दुसरं पान आहे,’’ साधनाताई म्हणाल्या. ‘‘त्याचं नाव ‘साधना’.’’

त्या पानावर तारीख, पदार्थ आणि काय म्हटलं ते. ‘अकरा जानेवारी, भरली वांगी, कूट अगदी बेताचं. बारा जानेवारी, खिचडी, तूप छान कढवलंयस.’ आणि बाजूला लाल अक्षरांत एक सूचना: ‘बेताचं हा शब्द दोन आठवडे वापरू नये.’

मी आणखी मोठ्यानं हसणार होते. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि लाटणं हातात घेऊन बसले.

‘‘सव्वीस वर्षं नावं ठेवत होते तेव्हा वाटायचं, कधीतरी तोंडभरून चांगलं म्हणावं या माणसानं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता रोज म्हणतात. पण मला माहीत असतं, हे वाक्य गेल्या पंधरा दिवसांत वापरलेलं नाही म्हणून माझ्या वाट्याला आलंय.’’

‘‘विचारा ना सरळ. मी विचारू?’’

‘‘अजिबात नाही. माझी शपथ आहे तुला. त्यांनी आपणहून सांगावं. तीस वर्षांची भेट म्हणून मला एवढंच हवंय.’’

‘‘आणि नाही सांगितलं तर?’’

साधनाताई दर मे महिन्यात वर्षाचा गोडा मसाला करतात. खिडक्या सताड उघड्या टाकून, शेजारच्या जर्मन आजींना आदल्या दिवशी चिठ्ठी देऊन. यंदा मे संपत आला होता आणि घरात मसाल्याचा वास नव्हता. ते मला तेव्हा लक्षात आलं.

‘‘नाही सांगितलं तर यंदापासून पाकिटातला,’’ त्या म्हणाल्या आणि पुन्हा कुटायला लागल्या.

शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. शशिधर गाडी चालवतोय, शेजारी भावजी, मागे आम्ही दोघी. सीमा ओलांडेपर्यंत भावजींनी मातीचे चार प्रकार सांगितले. चुनखडीवर वाढलेलं द्राक्ष कसं ‘ताठ’ असतं आणि चिकणमातीवरचं कसं ‘ऐसपैस’ असतं. शशिधर दर दोन मिनिटांनी ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणत होता. त्याला वाइनमधलं लाल आणि पांढरं एवढंच कळतं.

अकराच्या सुमाराला एका शेतावरच्या दुकानाशी थांबलो. साधनाताई चीजच्या वाटेला कधी जात नाहीत. त्या दिवशी मात्र त्या सरळ काउंटरशी गेल्या आणि बोटानं दाखवून एक गोल, केशरी, चिकट सालाचं मुन्स्टर घेतलं. दुकानवाल्या बाईनं ते तीन कागदांत गुंडाळलं आणि ‘थंड ठेवा’ असं दोन भाषांत बजावलं. साधनाताईंनी बाहेर येऊन तिन्ही कागद काढले आणि ते चीज भावजींच्या सीटखाली सरकवलं. मी बघत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सीटबेल्ट लावला.

त्या दिवशी अठ्ठावीस अंश ऊन होतं. वीस मिनिटांत माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शशिधरनं काच खाली केली, मग दुसरी केली. पुढच्या पार्किंगला थांबून त्यानं स्वतःचे बूट काढले आणि नाकाशी धरून बघितले. बिचारा माणूस! भावजी मात्र छाती भरून श्वास घेत होते.

‘‘घ्या, हवा घ्या. सध्या द्राक्षाला फुलोरा असतो. असा नाजूक वास वर्षातून आठच दिवस.’’

‘‘भावजी,’’ शशिधर भीत भीत म्हणाला, ‘‘मला जरा वेगळाच वास येतोय. काहीतरी सडल्यासारखा.’’

भावजी अर्धा क्षणसुद्धा थांबले नाहीत. ‘‘हो, हो, गेनाऊ! मी म्हणणारच होतो. गंधकाची फवारणी करतात मळ्यावर. त्याचा.’’

साधनाताई खिडकीबाहेर बघत होत्या.

मळ्याची मालकीण सत्तरीची होती. कडक, टापटीप, जर्मन चांगलं बोलणारी. तळघरात लांब टेबल मांडलेलं, आणि आमच्याखेरीज हॅनोव्हरहून आलेले सहा जण. त्यांच्यातल्या एका बाईंनी गळ्यात छोटी वही अडकवली होती, आलेला प्रत्येक वास टिपून ठेवायला. टेबलावर थुंकायची बादली होती. साधनाताईंनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि ती माझ्याकडे ढकलली. अन्न थुंकायचं ही गोष्ट त्यांना या जन्मी जमणार नाही. त्या चिमणीएवढा घोट घेऊन गिळत होत्या.

पहिल्या तीन बाटल्या भावजींनी गाजवल्या. गाजवणारच. मळ्याच्या वेबसाइटवर यादी होती आणि ती त्यांनी पाठ केली होती. ‘हिरवं सफरचंद.’ ‘ओला दगड.’ ‘मागून येणारा लिंबाच्या सालीचा कडवटपणा.’ हॅनोव्हरची मंडळी आधी भावजींकडे बघायची, मग ग्लासात नाक घालायची, आणि त्यांना ओला दगड सापडायचा. वहीवाल्या बाई भराभर लिहून घेत होत्या.

मग मालकीणबाई उठल्या आणि मागून धुळीनं माखलेली एक बाटली घेऊन आल्या. ओवीनं त्यांना आधीच लिहून ठेवलं होतं. ही गेवुर्त्सत्रामिनर, एकोणीसशे पंच्याण्णवची, या जोडप्याच्या लग्नाच्या वर्षाची. यादीत नसलेली. पहिला मान अर्थातच नवरदेवाला.

भावजींच्या कपाळावर मला घाम दिसला. त्या बाटलीची ओळ त्यांच्या फाइलमध्ये नव्हती. त्यांनी ग्लास फिरवला, डोळे मिटले, भरपूर वेळ नाक आत ठेवलं.

‘‘लिची,’’ ते म्हणाले. ‘‘वाळलेला गुलाब. आणि मागे... मध.’’

टेबलाभोवती सुस्कारे निघाले. एका गृहस्थांना लिची लगेच मिळाली. वहीवाल्या बाईंना मधाबरोबर थोडं आलंही मिळालं. माझ्या नाकात अजून गाडीतलं चीज भरलेलं होतं, मला काहीही मिळालं नव्हतं, आणि मी काय बोलले असेन? ‘‘ॲसिडिटी छान आहे.’’ लाज वाटते सांगायला.

शशिधरनं वास घेतला आणि तोंड वेंगाडलं. ‘‘मला तर तळघरात भिजलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा वास येतोय.’’

सगळे त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघायला लागले. मालकीणबाईंनी मात्र त्याच्या हातातून ग्लास घेतला, हुंगला, एक घोट घेतला आणि बादलीत थुंकला. ‘‘हा माणूस बरोबर बोलतोय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बूच खराब निघालं. वाइन गेली. मला माफ करा.’’

आता सगळे भावजींकडे बघत होते. मी साधनाताईंकडे बघितलं. त्यांनी हात मांडीवर जुळवले होते आणि डोळे नवऱ्यावर रोखले होते. इतकी सोपी वेळ पुन्हा येणार नव्हती. परक्या गावात, परक्या माणसांत, एक वाक्य बोलायचं होतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोला हो भावजी, एकदाच बोला.

भावजींनी घसा साफ केला. ‘‘आल्झो,’’ ते हसून म्हणाले, ‘‘खरं बोलायची हिंमत कोण करतंय ते मी बघत होतो. शशिधर पास.’’

हॅनोव्हरच्या मंडळींनी चक्क टाळ्या वाजवल्या! ज्या माणसांना सडक्या बुचात लिची सापडली होती, ती आपल्याला कसं छान फसवलं म्हणून खूश झाली. वहीवाल्या बाईंनी भावजींचा फोन नंबर मागितला, त्या एक वाइनचा गट चालवतात म्हणून. भावजी नंबर सांगत होते. साधनाताईंनी ग्लास खाली ठेवला आणि त्या जिना चढून वर निघून गेल्या.

मी मागोमाग गेले. गाडीजवळ अक्रोडाच्या झाडाखाली बाक होता, त्यावर त्या पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. रडत नव्हत्या.

‘‘मालविका,’’ त्या म्हणाल्या, ‘‘मानहाइमच्या इंडियन दुकानात तयार गोडा मसाला मिळतो ना? बरा असतो का?’’

मला असा संताप आला की शपथ घातली नसती, तर मी तळघरात जाऊन भावजींची सगळी फाइल तोंडपाठ म्हणून दाखवली असती. मी नुसतंच ‘‘बरा असतो’’ म्हटलं. तेवढ्यात शशिधर वर आला. सगळ्यांना भूक लागली असेल म्हणून डबा काढायला त्यानं गाडीचं दार उघडलं आणि रुमाल तोंडावर धरून चार पावलं मागे आला. तीन तास उन्हात बंद असलेलं मुन्स्टर काय चीज असतं ते सांगून कळायचं नाही. आम्ही दोघींनीही पदर आणि ओढणी नाकाला लावली.

भावजी हातात दोन बाटल्या घेऊन आले. प्रसन्न होते. सरळ गाडीकडे गेले, उघड्या दारातून आपल्या जागेवर बसले, बाटल्या पायाशी ठेवल्या.

‘‘चला, बसा ना, गाव बघून येऊ. उभे का सगळे?’’

कोणी हललं नाही. मागून हॅनोव्हरचे एक गृहस्थ आपल्या गाडीकडे निघाले होते. ते मध्येच थांबून ओरडले, ‘‘अरे देवा, इथे काय मेलंय?’’ आणि पळालेच.

भावजींनी त्यांच्याकडे बघितलं. मग शशिधरच्या रुमालाकडे, माझ्या ओढणीकडे, साधनाताईंच्या पदराकडे. मग ते वाकले, सीटखाली हात घातला आणि ते चिकट केशरी चीज बाहेर काढलं. उलटंपालटं करून त्यावरचं लेबल वाचलं. ते हातात धरून बाकापाशी आले.

‘‘हे तू ठेवलंस?’’

‘‘हो.’’

‘‘केव्हा?’’

‘‘अकरा वाजता.’’

त्यांनी घड्याळ बघितलं. पावणेतीन झाले होते. माणूस केमिस्ट आहे. समोर आलेला पुरावा नाकारायची त्याला सवय नाही. ते बायकोशेजारी बसले आणि चीज गुडघ्यावर ठेवलं.

‘‘साधना,’’ ते म्हणाले, ‘‘याला वास कसा येतो गं?’’

साधनाताईंनी पदर नाकावरून काढला. ‘‘ओवी शाळेत असताना तिचे खेळाचे मोजे आठवडाभर दप्तरात राहायचे, आठवतंय? तसा.’’

‘‘खूप?’’

‘‘खूप.’’

‘‘मला करोनानंतर...’’

‘‘माहितीये.’’

‘‘फाइल बघितलीस?’’

‘‘दुसरं पानसुद्धा.’’

आम्ही तिथून जायला हवं होतं. शशिधर गेलाही, पण मी अशा वेळी जाणाऱ्यांतली नाही. मी अक्रोडाच्या आड उभी राहिले.

‘‘पहिल्याच आठवड्यात तू वालाचं बिरडं केलं होतंस,’’ भावजी म्हणाले. ‘‘मला काहीच कळेना. नावं ठेवायलासुद्धा काही सापडेना. म्हणून म्हटलं, छान झालंय. तू घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिलीस. नंतर तू गुणगुणत भांडी आवरलीस. सव्वीस वर्षांत मी तुला भांडी आवरताना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मग मला सांगवेना. रोज काहीतरी नवं चांगलं बोलायला हवं, तेच तेच बोललो तर तुला कळेल, म्हणून लिहून ठेवायला लागलो.’’

साधनाताई आता रडल्या. मीही रडले, आणि मला त्या माणसाचा राग यायचा तेवढा आलाच नाही. याचाही मला राग आला.

थोड्या वेळानं साधनाताईंनी डबा उघडला. भावजींनी दशमीला चटणी लावून घास घेतला. ‘‘वा, आज अगदी...’’ म्हणाले आणि तोंड मिटलं. नीट चावलं. ‘‘तिखट कळतंय. मीठ कळतंय. बाकीचं तू सांग.’’

साधनाताईंनी घास घेतला. डोळे मिटले, अगदी ते मिटायचे तसे. ‘‘लसूण थोडा करपलाय,’’ त्या म्हणाल्या. करपला नव्हता, मी त्यांच्यासमोर बसून होते.

जूनमध्ये भावजींनी मंडळात सगळ्यांना सांगून टाकलं की आपल्याला वास येत नाही, आणि वाइनअबेंड दुसऱ्या कोणीतरी घ्यावा. कोणाचाही विश्वास बसला नाही. एल्झासची हकिकत तोपर्यंत सर्वांना कळली होती. पुन्हा आपली परीक्षा घेतायत असं समजून सगळे समजूतदारपणे हसले, आणि पुढच्या वेळी पाच माणसं वाढली.

त्याच महिन्यात साधनाताईंनी खिडक्या उघडून मसाला केला आणि नंतर आम्हाला जेवायला बोलावलं. मी आमटीचा पहिला घास घेतला. खोटं सांगत नाही, इतकी सुरेख आमटी मी पुण्यातही खाल्लेली नाही, आणि मी तसं म्हटलं. भावजींनी वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली, आणि बायकोकडे बघितलं.

साधनाताईंनी एक भुरका घेतला. ‘‘जिरं थोडं पुढे गेलंय,’’ त्या म्हणाल्या.

‘‘मला तेच वाटलं,’’ भावजी म्हणाले.